हवालदारांची काच

प्रवास संपला की हवालदार आधी गाडीची काच वाचत. 'वाचत' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. हात पाठीमागे बांधून ते समोरच्या मोठ्या काचेपुढे उभे राहत आणि तिच्यावर चिरडलेल्या किड्यांचे डाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहत जात. तोवर त्यांच्याशी कोणी बोलू नये, असा नियम होता. त्यांनी तो कधी सांगितला नव्हता. सर्वांना ठाऊक होता.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात दोन मोटरहोम घेतली. आत झोपायची सोय, ओटा, मोरी. पुण्याची कुटुंबे ती भाड्याने घेत. चालक आमचा असे. खेड्यांतून लोक अशा गाडीला घरगाडी म्हणत. हवालदार लोणंदजवळच्या एका गावचे, सैन्यात ट्रक चालवून आलेले. त्यांचे खरे नाव केवळ कागदावर होते.

घरगाडीचे तोंड भिंतीसारखे सपाट असते. लहान मोटारीवरून वाऱ्याबरोबर निसटणारा किडा हिच्या काचेवर आपटतो. ते डाग काढायला वायपर वापरणे हवालदारांना मान्य नव्हते. "त्यानं मेलेल्याचं दही हुतंय, साहेब," असे ते म्हणत. जुने वर्तमानपत्र भिजवून ते काचेवर चिकटवत, एक चहा होईपर्यंत थांबत, मग ते सोलून फडक्याने काच पुसत. एकदा एका पाहुण्या बाईंनी काच पाहून नाक मुरडले. हवालदार शांतपणे म्हणाले, "बाई, ते आपल्या वाटंत आलं न्हाईत. आपुन त्यांच्या वाटंत आलोय."

कोणत्या भागात काय पिकले आहे, कोठे पाणी सोडले आहे, हे ते डागांवरून सांगत. मी ते करमणूक म्हणून ऐकत असे. एका वर्षी वळवाच्या पावसानंतर कराडकडून येताना काच तपकिरी भुंगेऱ्यांनी भरली. हे हुमणीचे आहेत, यांच्या अळ्या मुळे खातात, तुमच्या शेतातल्या उसाच्या मुळाशी औषध घाला, असे ते मला म्हणाले. मी घातले नाही. श्रावण संपेतो माझा दीड एकर ऊस पिवळा पडला. उपटला तर मुळाशी अळ्या होत्या. हवालदारांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही.

पुढे एका दसऱ्याच्या सुमारास गाडी विजापूर, जत, सांगली करून परत आली. हवालदार नेहमीपेक्षा अधिक वेळ काचेपुढे उभे राहिले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "काच कोरी हाय, साहेब." मी म्हणालो, बरे झाले, काम वाचले. "मी पुसली न्हाई," ते म्हणाले.

पुढच्या फेरीनंतरही त्यांनी हेच सांगितले. तिसऱ्या फेरीनंतर माझ्यासमोर उभे राहून तेच सांगितले. मी काच पाहिली. ती खरोखरच स्वच्छ होती.

प्रवाशांच्या तक्रारी येऊ लागल्या. सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या पुलावर, चालक सायंकाळी गाडी हळू करतो आणि हात खिडकीबाहेर धरून बसतो. एका ढाब्यावर त्यांनी प्रवाशांच्या मुलांना विचारले की तुमच्यापैकी कोणी पाण्यावर उडणारा चतुर पाहिला आहे का. मुलांना चतुर म्हणजे काय ते कळले नाही. त्यावर हवालदार ताटावरून उठले. त्याच फेरीत ते आपला जेवणाचा डबा माधवनगरच्या पेट्रोल पंपावर विसरून आले.

डब्याची गोष्ट कळल्यावर माझा हिशेब जुळला. काच हवालदार स्वतःच पुसत होते आणि पुसल्याचे विसरत होते. वय साठीपलीकडचे. आज फडके विसरणारा माणूस उद्या ब्रेक विसरेल, आणि मागे झोपलेल्या कुटुंबाची जबाबदारी माझी आहे. मी आयुष्यभर असेच निर्णय घेतले होते आणि ते बहुधा बरोबर आले होते.

मी त्यांना बोलावले आणि किल्ली मागितली. कारण स्पष्ट सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"इसरलो म्हंता?"

"होय."

"त्ये फडकं तारंवर हाय, साहेब. हात लावून बगा. चार दिस झालं, कोरडं हाय."

तार दहा पावलांवर होती. मी गेलो नाही. हवालदारांनी किल्ली टेबलावर ठेवली, टाचा जुळवल्या आणि ते निघून गेले.

त्यांच्या जागी माधवनगरचा एक चालक आला. गाडी बरी चालवी, पण कामचुकार होता. महिन्याभराने जतकडे एका नातलगाच्या अंत्यदर्शनाला जायचे होते, म्हणून मी त्याच्या शेजारी बसून निघालो. मिरज मागे पडली आणि दिवस कलला. दोन्ही बाजूंना ज्वारी होती. गाडीचे दिवे लागले. त्या उजेडात काहीही उडत नव्हते. पूर्वी या वेळी या रस्त्यावर काचेवर वाळू मारल्यासारखा आवाज होत असे. आता इंजिनाखेरीज आवाज नव्हता. बराच वेळ मी त्या जुन्या आवाजाची वाट पाहत होतो, हे मला उशिरा समजले.

काच शेवटची कधी पुसलीस, असे मी चालकाला विचारले. मी रागावलो आहे असे वाटून तो घाईघाईने म्हणाला, "पुसतो की, साहेब. आठ दिस झालं खरं. पर घानच बसंना, तर पुसू काय?"

जतला उतरल्यावर मी काचेवरून बोट फिरवले. बोटाला धूळ लागली. एक डाग होता, तो पक्ष्याच्या विष्ठेचा.

दोन दिवसांनी मी किल्ली घेऊन हवालदारांच्या गावी गेलो. सांज होत होती. घरामागच्या वाफ्यात दुधीचा मांडव होता आणि पांढरी फुले उमलत होती. ही फुले सायंकाळी उमलतात. पतंग येतात तेव्हा फळ धरते; नाही आले तर बुडाशी असलेला इवला दुधी पिवळा पडून गळतो. हवालदार एक नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे मुरडून, मादीफुलाच्या तोंडाला टेकवत होते. त्यांच्या पत्नीने मला पाणी दिले आणि त्या म्हणाल्या, "आवं, ह्ये बगा की. रोज सांजचं फुलांची लग्नं लावत्यात. भटजीच झाल्यात."

"पाखरू येत न्हाई," हवालदार मागे न वळता म्हणाले. "मग कुनी करायचं?"

वाटेत मी बरीच वाक्ये जुळवली होती. त्यांपैकी एकच बोलता आले.

"हवालदार, फडकं कोरडं होतं."

"व्हय," ते म्हणाले.

मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. राग नाही, असे ते म्हणाले. आणि त्यात राग नव्हता, हे मला अधिक लागले. "काचंवर वाचायला काय ऱ्हायलं न्हाई, साहेब. नुसती हाकायला कोनबी चालतंय." मग त्यांनी एक फूल तोडून माझ्या हाती दिले. "धरा. देठाकडनं. दाबू नगा."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोन ओळी पुऱ्या केल्या. तेवढ्या वेळात फुलांवर एकही जीव आला नाही.

हवालदार पुढच्याच उन्हाळ्यात गेले. झोपेतच. तेराव्याला मी गेलो. जेवणे झाली, माणसे पांगली, त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत बायकांबरोबर बसल्या होत्या. मी मागे गेलो. वेल दुसऱ्यांदा लावलेला दिसत होता, पाने टवटवीत होती. पण मांडवाखाली करंगळीएवढे दुधी पिवळे पडून गळालेले होते, तेरा दिवसांचे. ऊन उतरले होते. वर पांढरी फुले एकेक उघडू लागली होती.

मी चपला काढल्या आणि वाफ्यात उतरलो.