क्लचबाई आणि दोन डॉक्टर

क्लचबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या आणि त्यातली निम्मी तरी “क्लच! अहो, क्लच!” असं ओरडण्यात गेली होती. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक असे. समोर ट्रक येवो नाहीतर कुत्रं, बाईंचा आवाज चढायचा, पाय मात्र कधी घाईने पडला नाही. घाबरलेली माणसं त्या रोज शेजारच्या सीटवर बघत. कपाळावरचा घाम, कोरडे पडलेले ओठ, स्टिअरिंगला घट्ट चिकटलेली बोटं. स्वतः घाबरायची त्यांना सवय नव्हती.

ती लागली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका सकाळी. वाचनालयात काम करणाऱ्या एक बाई त्यांच्याकडे शिकायला येत, चाळिशीच्या आणि फार भिडस्त. त्या दिवशी चौकाच्या अलीकडे गाडी बंद पडली ती सुरूच होईना. दोघी उतरल्या आणि ती कडेला ढकलायला लागल्या. दहा पावलं झाली नसतील, तोच छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. जबडा ठणकायला लागला. क्लचबाई फुटपाथवर बसल्या.

“मॅडम, काय होतंय?”

“काही नाही. दम लागला. तुम्ही इंडिकेटर लावा आधी.”

पाच मिनिटांत सगळं ओसरलं. पण हे पहिल्यांदा झालं नव्हतं. महिनाभर जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर हीच मूठ आवळत होती आणि त्या कठड्याला टेकून पर्समध्ये किल्ली शोधल्याचं नाटक करत होत्या. आज मनात एक वेगळाच विचार आला. हे चालत्या गाडीत झालं असतं तर? आपला पाय ब्रेकपर्यंत पोचलाच नसता तर?

त्याच दुपारी त्यांनी ड्रायव्हिंग शाळेच्या मालकांना सांगून टाकलं, तब्येतीचा निकाल लागेपर्यंत मी गाडीत बसणार नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवायला पाठवलं. चौथ्या मिनिटाला तिथल्या माणसाने यंत्र थांबवलं आणि खुर्ची पुढे केली. मग अँजिओग्राफी ठरली. मनगटातून नळी घालतात, माणूस जागा असतो, दुखत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. खोली किती थंड असते ते कुणीच सांगितलं नाही.

टेबलावर निजल्या निजल्या त्यांना बाजूच्या पडद्यावर स्वतःच्या हृदयावरच्या नळ्या दिसत होत्या. झाडाच्या मुळांसारख्या, हलणाऱ्या. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाला, “काकू, एका नळीत ऐंशी टक्के अडथळा आहे. हे बघा, इथे. आत्ताच स्टेंट घालून टाकू, नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. अर्ध्या तासाचं काम, परत यायला नको.”

“आणि नाही घातला तर?”

“तर ती कधी पूर्ण बंद होईल सांगता येत नाही. माझी आई असती तर मी थांबलो नसतो.”

बाहेर त्यांचे यजमान बसले होते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. केसाच्या जाडीइतकी चूक त्यांना दिसे. पण बाजारात गेले की भाजी कुठली घ्यायची हे घरी फोन करून विचारत. त्यांच्यापुढे कागद आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला. “ती शुद्धीत आहे ना? मग तिलाच विचारा.”

तिला विचारलं. बाईंच्या दातांवर दात आपटत होते. नीट विचार करून दिलेलं ते उत्तर नव्हतंच. “नको. आज नको. मला उठवा.”

डॉक्टर रागावला नाही. चार गोळ्या लिहून दिल्या, एक फवारा दिला. दुखलं तर जिभेखाली मारायचा. आठ दिवसांत कळवा म्हणाला.

ते आठ दिवस म्हणजे नुसता जीव मुठीत धरून बसणं होतं. बाई अंघोळीला गेल्या की यजमान दाराबाहेर उभे. आतून पाण्याचा आवाज थांबला की लगेच, “अगं, आहेस ना?”

“आहे. कुठे जाणार? साबण लावतेय.”

घर तिसऱ्या मजल्यावर. यजमानांनी प्रत्येक मजल्याच्या वळणावर घरातली एकेक खुर्ची नेऊन ठेवली, बायकोला टेकायला. शेजाऱ्यांना वाटलं, हे घर सोडून चाललेत. जेवायच्या टेबलाशी एकच खुर्ची उरली, तेव्हा दोघं आळीपाळीने जेवायला लागले. या सगळ्यावर बाई हसल्या असत्या, पण हसताना छातीत काहीतरी हललं आणि त्या मध्येच थांबल्या.

परगावच्या मुलीचा दिवसातून चारदा फोन. “आई, नाही का म्हणालीस? टेबलावर होतीस ना तू! नळी आत होती ना!”

“घाबरले होते मी.”

“मग आता?”

“आता जास्त घाबरलेय.”

मुलीनेच शोधून दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतली. हे वयस्कर होते, केस पांढरे, टेबलावर कागदांचा ढीग. अँजिओग्राफीची सीडी त्यांनी तीनदा पुढेमागे करून पाहिली. मग खुर्ची वळवून बाईंकडे तोंड केलं.

“मुख्य नळी स्वच्छ आहे. हृदयाचं पंपिंग उत्तम आहे. दुखणं फक्त श्रमाने येतं, बसलं की जातं. अशा वेळी स्टेंटने दुखणं कमी होतं हे खरं. पण त्याने झटका टळतो किंवा आयुष्य वाढतं, असं साधारणपणे दिसत नाही. त्यासाठी गोळ्याच आहेत. आणि तुम्हाला गोळ्या सुरू होऊन जेमतेम आठवडा झालाय. आधी त्यांना काम करू द्या.”

“पण ते म्हणाले, नळी कधीही बंद पडेल.”

“पडू शकते. तशी माझीही पडू शकते. तुमच्या यजमानांचीही.”

यजमानांचा हात आपोआप छातीवर गेला.

“तुमची बायको असती तर?” बाईंनी विचारलं.

“थांबलो असतो.”

घरी येताना रिक्षात बाई दोन्ही डॉक्टरांना मनात तोलत होत्या. एकजण आईला घालणार, दुसरा बायकोला नाही घालणार. दोघंही शिकलेले, दोघंही चांगले, दोघंही डोळ्याला डोळा भिडवून बोललेले. बाईंना आता जिना चढायची भीती वाटायला लागली, आणि न चढायचीही. स्टेंट घातला तर त्या खोलीत काहीतरी बिघडेल. नाही घातला तर या खोलीत. त्या पलंगाच्या कडेला बसून राहत, दोन बोटं मनगटावर ठेवून. ठोके मोजता मोजता ठोके वाढत, वाढले की घाम फुटे, आणि घाम फुटला की वाटे, हेच ते.

शेवटी एका सकाळी त्या यजमानांना म्हणाल्या, “शिकणाऱ्याला मी डावीकडे म्हणते आणि मागे बसलेला त्याचा काका उजवीकडे म्हणतो, तेव्हा मी काय करते?”

“काकाला उतरवतेस.”

“इथे कुणाला उतरवायचं तेच कळत नाही. मग निदान दोघांना एकमेकांशी बोलू दे.”

तरुण डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन त्यांनी वयस्कर डॉक्टरांचा कागद ठेवला आणि हात जोडले. “तुमचा अपमान करायचा नाहीये. पण मला यातलं काही कळत नाही आणि तुम्हा दोघांना कळतं. माझ्यासमोर बोला.”

डॉक्टर जरा वरमला. घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पंधरा पेशंट होते. तरी त्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. दहा मिनिटं दोघं बोलले. अर्धं बाईंच्या डोक्यावरून गेलं, पण भांडण होईल असं वाटलं होतं ते झालं नाही. मुख्य नळीला धोका नाही, हे दोघांना मान्य होतं. गोळ्यांची मात्रा अजून वाढवायला जागा आहे, हेही मान्य. बसल्या जागी दुखलं किंवा आराम करूनही थांबलं नाही, तर एक क्षण न घालवता इस्पितळात यायचं, यावर तर दोघं एका सुरात बोलले. “तरी मी घातला असता,” तरुण म्हणाला. “आणि मी थांबलो असतो,” फोनमधून आवाज आला. मग दोघंही बाईंच्या उत्तराची वाट बघायला लागले.

बाईंनी थांबायचं ठरवलं. धीर आला म्हणून नव्हे. त्या टेबलावर पुन्हा निजायची छाती झाली नाही म्हणून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी, दुपारी, वाटाणे सोलता सोलता छातीत कळ आली. बसल्या जागी. फवारा मारला, फरक नाही. यजमानांनी रुग्णवाहिकेला फोन केला, पण स्वतःच्याच घराचा पत्ता त्यांना आठवेना. बाईंनी फोन हिसकावून सांगितला. रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या त्या एकच गोष्ट घोकत होत्या: मी नाही म्हणाले, माझं मरण मीच ओढवलं.

इस्पितळात ड्यूटीवर तोच तरुण डॉक्टर. ईसीजी काढला, रक्त घेतलं. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. तेवढ्या वेळात बाईंनी त्याचा हात चार वेळा धरला असेल. “घाला. आत्ता घाला. मी सही करते. कुठे करू?”

संध्याकाळी तो कागद घेऊन आला आणि स्टूल ओढून बसला.

“काकू, रिपोर्ट दोन्ही वेळा स्वच्छ आहेत. हृदयाला काही झालेलं नाही. दाबलं की दुखतंय ना इथे? हे बरगडीचं आहे.”

“तरी घाला.”

“नाही घालणार.”

“अहो, तुम्हीच तर म्हणत होतात!”

“अजूनही म्हणतो. पण आज तुम्ही इतक्या घाबरला आहात की मी किडनी काढतो म्हटलं तरी सही कराल. भीतीवर स्टेंट चालत नाही. घरी जा. दुखणं तुम्हाला काय काय करू देत नाही ते बघा. मग शांतपणे या, लगेच घालतो.”

बाईंना त्याचा इतका राग आला की त्या रागात अर्धी भीती विसरल्या.

पुढचे सात महिने त्यांनी गोळ्या घेतल्या, मीठ कमी केलं, रोज सपाट रस्त्यावर चालल्या. दुखणं दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर सरकलं, पण गेलं नाही. गोळ्यांची मात्रा वाढली तशी उभं राहताना भोवळ यायला लागली. मात्रा कमी केली की मूठ परत दुसऱ्या मजल्यावर. वयस्कर डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलून पाहिल्या. भीती मात्र हळूहळू मवाळ झाली. ती जात नव्हती, पण तिच्याबरोबर स्वयंपाक करता यायला लागला. आणि मग बाईंना दिसायला लागलं ते वेगळंच. मुलीकडे जायचं तर तिचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून गेल्या नव्हत्या. बाजार बंद, कारण तिथे चढ. शिकवण्याची गाडी आठेक महिने दुसरंच कुणी चालवत होतं. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि दिवसभर खिडकीशी बसून लोकांची पार्किंग बघत होत्या, मनातल्या मनात ओरडत.

त्या वयस्कर डॉक्टरांकडे गेल्या. “मला दुखतंय आणि मला कंटाळा आलाय. गोळ्या घेऊनही जगणं आखडलंय. आता घालून घेऊ का?”

त्यांनी सगळी कागदपत्रं पुन्हा वाचली. “आता मीही घाला म्हणेन. याचसाठी तो असतो. पण ऐका, घातल्यावर गोळ्या सुटणार नाहीत. रक्त पातळ ठेवणारी तर एक दिवसही चुकवायची नाही.”

“चालेल.”

घातला तरुण डॉक्टरनेच. खोली तितकीच थंड होती. या वेळी होकार त्यांचा स्वतःचा होता, तरी नळीत फुगा फुगवला तेव्हा तीच ओळखीची मूठ इतकी आवळली की डोळ्यांपुढे अंधारी आली. “डॉक्टर, दुखतंय!” “माहितीये, काकू. वीस सेकंद. मोजा.” त्यांनी मोजलं. अकरापर्यंत. पुढचे आकडे आठवेनात. मग मूठ सुटली आणि त्यांना जाणवलं की आपण मोठ्याने रडतोय.

दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर त्या नऊ मिनिटं चालल्या. दोन्ही डॉक्टरांनी लेखी दिल्यावर शाळेच्या मालकांनी गाडीची किल्ली परत दिली. पहिल्या दिवशी त्यांनी आपला सीटबेल्ट तीनदा ओढून बघितला. शिकणाऱ्या मुलीला वाटलं, मॅडम आपल्याला घाबरल्या, आणि ती बिचारी इतकी सावकाश चालवायला लागली की मागे रांग लागली.

लेकीच्या चौथ्या मजल्यावरही त्या जाऊन आल्या, वाटेत दोनदा थांबून. एकदा खरंच दमल्या म्हणून, एकदा उगाच, खात्री करायला. जेवताना मुलगी म्हणाली, “आई, पण मग शेवटी बरोबर कोण होतं गं? तो तरुण की ते म्हातारे?”

“मला काय विचारतेस? दोघांचे नंबर आहेत, लाव फोन.”

“आणि आता भीती गेली ना?”

क्लचबाईंनी गोळ्यांची डबी उघडली, रात्रीची गोळी आहे ना ते बघितलं आणि ती परत बंद केली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी दे.”