आबांना आमंत्रण

मी आमच्या राजूरच्या कला महोत्सवाचे किस्से सांगायला बसलो की बायको आधी चहाचं मोठं पातेलं काढते. महोत्सव दोन दिवसांचा, किस्से वर्षभराचे. यंदा तर सगळा कारभार कॉलेजच्या पोरापोरींनी केला. आम्ही जुने लोक खुर्च्यांवर बसून सल्ले देत होतो आणि ते कुणीही घेत नव्हतं. देवाची कृपा!

*

अडचण एकच होती. महोत्सवाची सुरुवात म्हणजे दगडूआबा गोंधळ्यांचा संबळ. तो वाजल्याशिवाय पडदा उघडत नाही, अशी रीत. पण यंदा आबांचे कान पार गेले. त्यांनी निरोप धाडला, "सोबत्याचं गाणं ऐकू येत न्हाई. बेताल वाजलो तं आजवरचं समदं मातीत जाईल. दुसरा पाहा."

आम्ही लगेच दुसरा पाहायला लागलो. पोरं म्हणाली, "काका, दुसरा न्हाई. आबाच."

*

या पोरांची म्होरकी सोनाली, बी.एस्सी.ला आहे. ती आबांना आमंत्रण द्यायला घरी गेली आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आबा, शनिवारी संध्याकाळी मैदानावर यायचंच!"

"काय म्हणली?"

ती आणखी जोरात ओरडली. पलीकडच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, "येते गं बाई, येते." समोरचा न्हावी म्हणाला, "आमी बी येतो." गल्लीतल्या सगळ्यांनी होकार दिला. आबा तेवढे राहिले.

*

मग ऋषी गेला. त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे टेक्नॉलॉजीवर फार भरवसा. त्यानं डीजेचा बॉक्स आणून आबांच्या बाजेला टेकवला आणि फुल आवाजात संबळ लावला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबा दारात उभे होते, शांत. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग, चालू कवा करतो?"

पण बसायला म्हणून त्यांनी बाजेच्या लाकडावर हात टेकला आणि तसेच थांबले. "हां," म्हणाले, "इथून कळून राह्यलं."

*

पोरांनी बेत केला. आबा स्टेजवर अनवाणी उभे राहणार, मागे पोरं टाचांनी ठेका देणार, तो फळ्यांमधून आबांच्या पायात जाणार. सगळं बराबर. पण शनिवारी बघतो तर मंडपवाल्यानं स्टेजवर हौसेनं जाड गालिचा अंथरलेला, त्यावर खुर्ची टाकून प्रमुख पाहुणे बसलेले!

सोनालीनं माइक घेतला. "सर, जरा उठता का? गालिचा काढायचाय."

पाहुणे भले माणूस. खुर्ची उचलून उभे राहिले. फोटोतही तसेच आलेत.

*

आबांनी वाजवलं. ताल कुठेही सुटला नाही. मी कडेला उभा राहून रडलो, लपवत नाही. या पोरांचे उपकार कसे फेडायचे, मला खरंच कळत नाही.

मैदानभर टाळ्या. आबांना त्यातलं काही ऐकू येईना, आणि डोळ्यांवर दिवे असल्यानं समोरचं दिसेना. ते घाबरून आमच्या तोंडांकडे बघत होते. "झालं का बराबर?"

सोनाली स्टेजवरून खाली उतरली आणि फळीवर तळहात आपटायला लागली. मग ऋषी. मग पुढच्या रांगेतल्या बायका. बघता बघता चारी बाजूंनी माणसं येऊन फळ्या बडवायला लागली.

आबा खाली बसले. दोन्ही हात फळीवर पसरून बराच वेळ तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "हळू रे पोरांनो. फळ्या मंडपवाल्याच्या हायेत."