ताईचा मास्तर

माझी ताई डॉक्टरांची टायपिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर पेशंटला तपासतात, मग यंत्रात तोंड घालून बडबडतात, आणि ती बडबड ऐकून ताई नीटनेटके रिपोर्ट टाइप करते. तीस वर्षं झाली, एकच हॉस्पिटल. आधीची वीस वर्षं तिथल्या तळघरातल्या टायपिंगच्या खोलीत, गेली दहा घरून. ताईला दिसत नाही. हे मी मुद्दाम मागाहून सांगतोय, कारण आधी सांगितलं की लोक लगेच ‘अरेरे’ करतात, आणि कुणी अरेरे केलं की ताईचं डोकं फिरतं.

चौदाव्या वर्षी तिची नजर गेली. सोळाव्या वर्षी ती टायपिंगच्या क्लासला जायला लागली आणि एकविसाव्या वर्षी कामाला. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे माझी फी, माझे बूट, माझं कॉलेज सगळं तिच्या दहा बोटांतून आलं. आज मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, घरात सगळे मला इंजिनीअर म्हणतात. मी इंजिनीअर नाही. पण नको म्हणायला तोंड उघडवत नाही, बरं वाटतं ना ऐकायला!

ताईच्या कामाची गंमत बघण्यासारखी आहे. उजव्या कानात इयरफोन, त्यात डॉक्टर. आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून दुसरा आवाज, तो तिने काय टाइप केलं ते तिला वाचून दाखवतो. एका वेळी दोघांचं ऐकायचं, बोटं चालू ठेवायची, आणि वर मधेच “दूध उतू जातंय बघ” असं ओरडायचं. कुठला डॉक्टर च्युइंगगम खाऊन बोलतोय, कुणाला सर्दी झालीय, कोण घरून भांडून आलाय, हे तिला पहिल्या वाक्यात कळतं. “आज हाडांचे डॉक्टर जेवलेले नाहीत,” असं म्हणून ती हसत बसते.

लॅपटॉपमधल्या त्या आवाजाला आम्ही मास्तर म्हणायचो. नाव ताईनेच ठेवलेलं. पुरुषाचा आवाज, पण कसला? नाक चोंदलेल्या माणसाने लोखंडी पिंपात बसून परवचा म्हणावा तसला. आणि वेग! ताईने तो इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला नुसतं ‘किर्र टक टक किर्र’ ऐकू यायचं. तिला मात्र एकूण एक अक्षर सुटं ऐकू यायचं. दिवसाला साठ रिपोर्ट. तळघरातल्या डोळस बाया चाळीसला थकायच्या.

मास्तर येण्याआधी तिला वाचून दाखवायला माणूस लागायचा. लहानपणी तो माणूस मी होतो. खाली मुलं खेळायला हाका मारायची आणि मी तिच्या अभ्यासाच्या पुस्तकातली पानं गाळायचो. एकदा तर अख्खा धडा. परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला, आणि घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “हा धडा आपला राहिला वाटतं.” आपला! मास्तरने बारा वर्षांत एक स्वल्पविराम गाळला नाही.

आणि खोटं कशाला सांगू, मला तो मास्तर मुळीच आवडायचा नाही. सकाळी सातपासून किर्र टक टक. पेपर वाचावा तर मास्तर, फोनवर बोलावं तर मास्तर, कुणी घरी आलं की “हे काय, पंखा बिघडलाय का?” असं विचारायचं. ताईच्या जिवावर शिकलेला मी, ताईच्या आवाजाने वैतागायचो. पण बोललो कधीच नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

मार्चमध्ये हॉस्पिटलचं पत्र आलं. जुन्या सिस्टिमचे कॉम्प्युटर महिनाअखेरीपासून त्यांच्या जाळ्यात घेतले जाणार नाहीत, पेशंटची माहिती चोरीला जाण्याची भीती. नवी सिस्टिम टाका, नाहीतर काम बंद. त्यांचा तंत्रज्ञ घरी येऊन टाकून द्यायला तयार होता. ताई फोनवर तोऱ्यात म्हणाली, “काही नको. माझा भाऊ आहे की.”

लॅपटॉप बारा वर्षांचा. बिजागरी सैल, एका कडेला काळी चिकटपट्टी. ताईने तो माझ्या हातात दिला तेव्हा एकच गोष्ट सांगितली. “मास्तरला सांभाळ. बाकी काय वाट्टेल ते कर.”

रविवारी ती दिवसभर मैत्रिणीकडे गेली आणि मी जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. आदल्या दिवशी आणलेली जास्तीची मेमरी बसवली, पंख्यातली धूळ काढली, तिच्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. नव्या सिस्टिमने आधी नाक मुरडलं: हे यंत्र पात्र नाही. मग मी ती तपासणीच चुकवून वाट काढली, पेन ड्राइव्हवरून. त्या वेळी काय ऐट होती माझी! बायकोला दोनदा बोलावून दाखवलं.

मग पडद्यावर एक यादी आली. सात नावं. वर लिहिलेलं: हे प्रोग्राम नव्या सिस्टिमवर आपोआप येणार नाहीत, हवे असतील तर आधी इथेच थांबा आणि ते जपून ठेवा. खाली एक चौकोन, ‘मी वाचलं आहे’. त्यात खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली सहा नावं फालतू होती. कुठला तरी कधीच भंगारात गेलेला प्रिंटर, असलं काहीतरी. सातवा मास्तर.

मी थांबलो. हो, थांबलो, नक्की. चहाचा कप हातात होता, त्यातला चहा संपेपर्यंत थांबलो. डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो: बरं झालं, कटकट गेली. त्यानंतर, नीट ऐका, त्यानंतर मला ताईच्या भल्याची आठवण झाली. नव्या सिस्टिममध्ये बाईचा आवाज असतो. गोड, अगदी माणसासारखा, श्वास घेऊन बोलणारा. ताईला किती छान वाटेल! बारा वर्षं ते पिंप ऐकतेय बिचारी. अशी मी स्वतःची समजूत घातली, चौकोनात खूण केली आणि सगळी डिस्क पुसून टाकली.

बायको मागून म्हणाली, “अहो, वन्संना विचारलंत का?”

“सरप्राइज आहे,” मी म्हणालो. वर तिच्याकडे बघून डोळाही मारला.

संध्याकाळी ताई आली, हात धुऊन थेट लॅपटॉपपाशी बसली. बटण दाबलं. बाईने गोड आवाजात स्वागत केलं. ताई पुढचा आवाज यायची वाट बघत राहिली. मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, “मास्तर कुठाय?”

“गेला गं. नव्या सिस्टिमने घेतलाच नाही त्याला.”

“घेतला नाही म्हणजे?”

“म्हणजे आपोआप उडाला. कुणाच्याच हातात नव्हतं ते.”

“तू प्रयत्न केलास ना पण?”

“खूप केला,” मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “तू तरी काय करणार.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं मी काय करून बसलोय. गोड बाई हळू बोलली की छान. पण वेग वाढवला की तिचे शब्द एकमेकांत विरघळायचे, सगळा गोड लगदा. मास्तरला श्वासच नव्हता, म्हणून तो कितीही पळवला तरी दमत नव्हता. साठ रिपोर्टांचे पहिल्या दिवशी एकोणीस झाले. दुसऱ्या दिवशी बावीस. ताई सातला बसायची ती आता पाचला बसायला लागली. मान आखडायची, जेवण गार व्हायचं. तक्रार म्हणाल तर नाही. एकदाच म्हणाली, “बाई चांगल्या घरातली आहे रे, पण तिला घाईची सवय नाही.” आणि हसली.

मी शाळेच्या लॅबमध्ये जाऊन डिस्कवरून काही परत मिळतंय का ते तीन दिवस धुंडाळलं. काही नाही. मास्तरची जुनी सीडी कपाटात होती, आशेने ती घातली. चालू व्हायला तिला कंपनीकडून परवानगी हवी होती, आणि ती कंपनी बंद पडून सहा वर्षं झालेली. परवानगी होती ती फक्त पुसलेल्या डिस्कवर. कुणाला सांगणार? घरात मी इंजिनीअर!

तिसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. विभागाच्या मुख्य बाई आणि त्यांचा तो तंत्रज्ञ, दोघंही एकाच फोनवर. ताईने स्पीकर चालू केला आणि मला हाक मारली, “इकडे ये, तुझ्या कामाचं बोलतायत.”

मुख्य बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, दिवसाला किमान चाळीस रिपोर्ट व्हायला हवेत, हा नियम त्यांचाही नाही, वरचा. पण आम्ही सांगितलेल्या बदलामुळेच तुमचं साधन गेलं असेल, तर नव्या आवाजाची सवय व्हायला चार महिन्यांची सवलत देता येते. निष्काळजीपणाने गेलं असेल तर मात्र देता येत नाही. मग काम महिनाअखेरीला थांबेल.

“आपोआपच गेलं हो,” ताई म्हणाली. “माझा भाऊ होता ना समोर.”

तंत्रज्ञ म्हणाला, “सर, एकच विचारतो, फॉर्ममध्ये लिहावं लागतं. पुसण्याआधी पडद्यावर यादी येते. त्यात त्या आवाजाचं नाव आलं की आम्ही थांबतो आणि परवानगीची फाइल काढून घेतो. आणखी चार जणींचे आवाज तसेच वाचवलेत, छान चालू आहेत. तुम्हाला ती यादी आली होती का?”

चार जणींचे वाचवलेत. मी ताईकडे बघितलं. तिने मान किंचित तिरकी केली होती, डॉक्टरांची सर्दी ओळखताना करते तशी.

“नाही,” मी म्हणालो. “यादीबिदी काही आली नाही.”

त्याला कळलं होतं. ती यादी न येता पुढे जाताच येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? “बरं,” तो म्हणाला. “नाही असं लिहितो.” मुख्य बाईंनी चार महिने दिले, तब्येतीला जपा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताईचं काम वाचवायला मी खोटं बोललो, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पण तो ‘नाही’ माझ्या तोंडात तीन आठवड्यांपासून तयार होता, सवलतीचं मला कळण्याच्या कितीतरी आधीपासून.

ताईने फोन चाचपून टेबलाच्या कडेला सरळ ठेवला. “बरं झालं नाही म्हणालास,” ती म्हणाली. “चार महिन्यांत जमवेन मी. आता मला खरं सांग. आली होती ना यादी?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, ती आत निघून गेली.

“आली होती,” मी म्हणालो.

“वाचलीस?”

“वाचली.”

“मग?”

आता लपवायला काय उरलं होतं? लहान मुलासारखं भडाभडा सगळं बाहेर आलं. त्या आवाजाचा मला वीट आला होता, सकाळी सातपासून नको व्हायचा, यादीत नाव बघून आधी बरंच वाटलं, तुझं भलं नंतर आठवलं. “चुकलो गं ताई,” मी म्हणालो. “मारलंस तरी चालेल.”

तिने मारलं नाही. शिवीही दिली नाही, आणि ती चांगली शिवी देते, तळघरात शिकलेली. ती बराच वेळ इयरफोनची वायर बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसली. वायरीला दोन टोकं, घरी तिने कायम एकच वापरलेलं.

“एवढंच होतं तर सांगायचं ना रे,” ती म्हणाली. “मास्तरला मी दुसऱ्या कानात घातला असता. तुम्हाला काही ऐकूच आलं नसतं. तळघरात वीस वर्षं दोन्ही कान बंद करूनच काम केलंय की मी. घरी आल्यावर म्हटलं, एक कान मोकळा ठेवावा. तू कधी आलास, तुझं काय चाललंय, कळत राहतं.”

मग तिने इयरफोनची दोन्ही टोकं कानांत घातली आणि कामाला लागली. आता घर अगदी शांत असतं. मी शाळेतून येतो, दार उघडतो, “ताई, आलो गं” म्हणतो. तिला ते ऐकू जात नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो, तेव्हा दचकते.