बडीशेपेच्या डब्यातलं शिसं

“तुमच्या रक्तात शिसं सापडलंय,” डॉक्टर म्हणाली. मी म्हटलं, “लहानपणी पेन्सिली चावायचो, त्यातलं असेल.” ती हसली नाही. पेन्सिलीत शिसं नसतंच म्हणे.

ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तातलं शिशाचं प्रमाण, खरं तर जवळजवळ शून्य हवं. माझं उपचार करण्याइतकं होतं.

त्याआधी दोन महिने पोट पिळवटून दुखायचं, बद्धकोष्ठता, जिना चढताना दम. एंडोस्कोपी झाली, सीटी स्कॅन झाला. वेटिंग रूममधल्या फिशटँकच्या माशांनाही मी पाठ झालो असेन. दरम्यान मी बायकोच्या पोळ्यांना दोष देऊन मोकळा झालो होतो.

“फॅक्टरीत काम करता का?” डॉक्टरने विचारलं. करतो. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गाड्यांच्या पार्ट्सची क्वालिटी तपासतो. बॅच नंबर नसलेला साधा बोल्ट मी आत घेत नाही, हे मी तिलाही ऐकवलं.

“काही औषधं?”

“नाही. म्हणजे गुडघ्यासाठी आयुर्वेदिक आहेत, पण ती औषधं नव्हेत.”

तिने पेन खाली ठेवलं.

गावाकडच्या एका वैद्यांनी त्या काळ्या गोळ्या पिशवीत बांधून दिल्या होत्या. नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. एअरपोर्टवर कोणी विचारू नये म्हणून मी त्या बडीशेपेच्या डब्यात, बडीशेपेखाली दडवून आणल्या. इथे डबाबंद खाण्यावर, औषधावर, अगदी लिपस्टिकवरही आत काय आहे ते लिहावं लागतं. तो कायदा माझ्याच पोटासाठी होता आणि मी त्याला बडीशेपेने चकवलं.

गोळ्या तपासल्या. शिसं त्यातच होतं.

मग चिलेशन सुरू झालं. म्हणजे रक्तातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारी कॅप्सूल. तिला सडक्या अंड्यांचा वास येतो. मला वाटलं, शिक्षा म्हणून एवढी पुरे.

पण असा रिपोर्ट आरोग्य खात्याकडेही जातो. तिथल्या नर्सचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

“या गोळ्या आणखी कोणाला दिल्यात?”

“नाही. फक्त मीच.”

खोटं. अर्ध्या गोळ्या मी शेजारच्या निर्मलाकाकूंना दिल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, मुलाकडे राहतात. “काकू, महिन्यात धावायला लागाल!” डॉक्टरांना विचारू का म्हणाल्या, तर मी म्हटलं, “त्यांना काय कळतंय यातलं?” आता इथल्या मराठी मंडळात काय तोंड दाखवू? गणपतीच्या जेवणात शेंगदाण्याच्या चटणीपुढे ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी पाटी लावायला लावणारा मीच.

माझी मुलगी रिया समोर सिरियल खात होती. चमचा थांबला.

“बाबा, यू जस्ट लाइड टू अ नर्स. काकू टेक्स दोज एव्हरी डे.”

“सांगतो गं. शनिवारी निवांत जाऊन...”

“शूज घाल. नाऊ.”

काकूंनी दार उघडलं, चहा टाकते म्हणाल्या. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं. “काकू, त्या गोळ्या बंद करा. त्यात शिसं निघालं. मी आजारी पडलोय.”

“अगंबाई! तरीच तोंडाला लोखंडासारखी चव येते. मला वाटलं, गुण येतोय.”

“डॉक्टरांना नाही सांगितलंत?”

“तूच म्हणालास ना, त्यांना काय कळतंय.” त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ड्राइव्ह करून लॅबमध्ये नेलं. रिपोर्टला चार दिवस लागले. ते चार दिवस माझ्या दोन महिन्यांच्या पोटदुखीपेक्षा लांब होते. शिसं होतं, पण माझ्यापेक्षा कमी. गोळ्या थांबवा, पुन्हा रक्त तपासा, एवढ्यावर भागलं. पुढच्या तपासणीत ते उतरलं. माझंही उतरतंय.

नर्सला मी फोन करून खरं सांगितलं होतं. ती फक्त “थँक यू फॉर कॉलिंग” म्हणाली. काकूंकडच्या गोळ्याही जमा करा म्हणाली.

तुमच्याही कपाटात असा डबा असेल. घरचाच आहे, नैसर्गिक आहे, असं म्हणत असाल. डॉक्टरने “काही औषधं?” विचारलं, की तोही सांगा. आणि कोणाला दिला असेल, तर शनिवारची वाट बघू नका.

काकूंचा डबा मी आरोग्य खात्याच्या काउंटरवर ठेवला. झाकणावर त्यांनी सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला होता.

“ओह, लेबल आहे की,” काउंटरवरची बाई म्हणाली. “काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं. “मकरंदने दिलेल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक.”

“मकरंद कोण? बनवणारा?”

मी खिशातून माझं लायसन्स काढून तिच्यापुढे ठेवलं.