लतामावशीच्या नावावर नाचतंय कोण?

आमच्या लतामावशीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता मीच बोलणार आहे.

मावशी नाशिकरोडला, कॉलनीत तळमजल्यावर राहते. ब्लाउज शिवते. एकलहऱ्याच्या बायकासुद्धा रिक्षा करून तिच्याकडे येतात, कारण तिचा ब्लाउज काखेत काचत नाही. माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून मी मावशीकडंच. अकरावीत मी कॉलेज सोडलं, तर सगळे नातेवाईक माझ्यावर तुटून पडले. मावशी एकटी म्हणाली, "पोरगी बाकावर बसत नाही, तर काय खिळे ठोकू तिला?" विषय संपला. आता मी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सलं लावते.

दिवसभर मशीनवर बसून मावशीचं वजन लय वाढलंय. त्यात बेंबीपाशी हर्निया. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. असंच ठेवलं आणि एक दिवस आतडं अडकलं, तर धावपळ होईल. तेव्हा माझ्या हातात काही नसेल."

मावशीचा मुलगा सुयश पुण्यात कंपनीत आहे. त्यानं काय करावं? टीव्हीला जोडायचा गेम पाठवला. एक डबी आणि हातात धरायच्या दोन कांड्या. टीव्हीवर जांभळ्या कपड्यातली बाई नाचते, आपण तिच्यासारखं करायचं. जमलं की स्टार पडतात, आणि ते स्टार लगेच सुयशच्या मोबाईलवर दिसतात.

मला तेव्हाच पटलं नव्हतं. ज्याला यायला वेळ नसतो तो पार्सल पाठवतो. मी रोज तेच बघते.

पण स्टार पडायला लागले. रोज. सुयश फोनवर ओरडायचा, "आई, आज पाचच्या पाच! तू तर हिरॉइन निघालीस!" मावशी म्हणायची, "हो रे बाबा, चाललंय." आणि मेडिकलमधल्या काट्यावर उभी राहिली की काटा होता तिथंच.

मला वाटलं, ही खाटेवर बसून नुसते हात हलवते. म्हणून एक दिवस कामावरून आल्या आल्या तिच्या पाठीला हात लावला. कोरडी.

"काय गं, ताप बघतेस का?"

"घाम बघते."

"मला घाम येत नाही. आमच्या खानदानात कुणालाच येत नाही."

मी त्याच खानदानातली. गोडाऊनमध्ये माझा शर्ट पिळून काढावा लागतो.

मग माझं लक्ष उज्वलावहिनीकडं गेलं. वरच्या मजल्यावर राहते. सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या घरची, नवरा बाहेरगावी ड्रायव्हर. ती रोज दुपारी आमच्याकडं येते, असं शेजारच्या कुसाबाईनं सांगितलं. दार लावून घेतात म्हणे दोघी. दार कशाला लावायचं? आमच्या घरात असं काय आहे? मावशी भोळी आहे, कुणीही गोड बोलून तिच्याकडून काहीही काढून घेईल. माझं डोकंच फिरलं.

त्यात एका रविवारी वहिनी तीन ब्लाउज घेऊन आली. "मावशी, हे जरा आत घ्या ना. ढिले पडतायत." मावशीनं माझ्याकडं चोरून बघितलं आणि पटकन ब्लाउज पिशवीखाली सारले.

मी बघतच राहिले. वजन उतरवायचंय मावशीला, आणि ब्लाउज ढिले होतायत वहिनीचे?

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय सांगून मी दुपारीच निघाले. माझ्याकडं चावी असतेच. दार उघडलं, तर टीव्हीसमोर उज्वलावहिनी. पदर कमरेला खोचलेला, हातात कांड्या, घामानं निथळत उड्या मारतेय. टीव्हीवर लिहून आलंय, "शाब्बास लता!" आणि आमची लता टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून काजं करत बसलीय.

"हे काय चाललंय?"

वहिनी जागीच थांबली. "आई गं! अगं चैताली, मला मावशींनीच सांगितलं. सुयशला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि मावशी, तू भिंतीत काय बघतेस?"

मावशी वळली नाही. "वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेला मी शील घेतलंय. तीन महिने नाच-गाणं करायचं नाही, बघायचंही नाही."

आमच्या बौद्धांत वर्षावासात बायका आठ शीलं पाळतात, ते मला माहीत आहे. दर पौर्णिमेला मावशी पांढरी साडी नेसून विहारात जाते. पण आठांपैकी एक शील दुपारनंतर न जेवण्याचंही असतं.

"जेवणाचं शील फक्त पौर्णिमेला, आणि नाचाचं मात्र सलग तीन महिने? असं कसं?"

"जेवणाचं नाही जमत. गोळ्या असतात."

"वजन उतरवायला जे लागतं, नेमकं तेच बरं सोडलंस तू!"

वहिनीनं कांड्या टेबलावर ठेवल्या आणि चपला हातात घेऊनच वर पळाली.

मला राहवलं नाही. तशीच विहारात गेले. दुपारचं ग्रंथवाचन संपून भन्ते एकटेच बसले होते. वंदन केलं आणि सरळ विचारलं, "टीव्हीसमोर व्यायामाला नाचलं तर शील मोडतं का?" त्यांनी कोण, कशासाठी, सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "मजेसाठी नाचणं वेगळं. हे तर औषध आहे. लताबाईंना सांगा, बिनधास्त करा."

मला वाटलं, मावशी खूश होईल. घरी येऊन सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला.

"तुला कुणी सांगितलं होतं विचारायला?"

"म्हणजे?"

"आता मी काय सांगू सगळ्यांना?"

कात्री बाजूला ठेवून ती कापडावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "वजन उतरलं की डॉक्टर तारीख देतील. तुझी आई ऑपरेशनला चालत आत गेली होती, चैताले. माझ्या हातात बांगड्या देऊन गेली. म्हणाली, आलेच."

मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आई दवाखान्यात गेली. आणि मग राग आला, लय राग आला.

"आणि ते आतडं अडकलं तर? तेव्हा तर तुला आत न्यायच्या आधीच… मग मी कुणाकडं राहू? सुयशकडं? तो मला पार्सल करून परत पाठवेल!"

ती रडता रडता हसली. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ती नाचली. आवाज बंद करून, कारण तिला तरीही खात्री नव्हती. एका बाजूला मी, एका बाजूला उज्वलावहिनी, मध्ये मावशी. पहिल्या दिवशी एकच स्टार पडला. सुयशचा लगेच फोन, "आई, आज तब्येत बरी नाही का?" मावशी धापा टाकत म्हणाली, "आज पहिल्यांदाच बरी आहे." त्याला काही कळलं नाही.

वर्षावास संपायच्या सुमाराला आम्ही डॉक्टरांकडं गेलो. मावशी काट्यावर चढली. आकडा बघून डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं उतरायला पाहिजे. पुढच्या महिन्यात बघू." मावशी लगेच उतरायला लागली. फारच लगेच.

मी नीट बघितलं. खांद्यावर तिची शिवणाची पिशवी होती. मापाला आणलेले ब्लाउज, अस्तराचे तागे, मोठी लोखंडी कात्री, सगळं आत.

"मावशी. पिशवी खाली ठेव."

"राहू दे गं, चोरीला जाते."

"इथं कोण चोरणार? खाली ठेव."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही. तिनं हळूच पट्टा उतरवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. परत काट्यावर उभी राहिली. डोळे मिटूनच.

डॉक्टरांनी आकडा वाचला आणि कॅलेंडर पुढं ओढलं.

"आत जाताना ही दारापर्यंत येईल," मावशी त्यांना म्हणाली. "आणि बांगड्या मी घरीच काढून ठेवणार. हिच्या हातात काहीच देणार नाही."