परीक्षेत न येणारं जग

जळगावात मेहरूणला एका संस्थेच्या हॉलमध्ये मी प्रौढांचा दहावीचा वर्ग घेत होते. शाळा अर्ध्यात सुटलेली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणारी माणसं. कुणी डाळमिलमधलं, कुणी पाइपच्या कंपनीतलं, एक रिक्षावाले भाऊ. संस्थेच्या सचिवांना सगळे नाना म्हणत. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, गाइडमधले महत्त्वाचे प्रश्न पाठ करून घ्या. पास झाले की आपलं काम झालं."

मी मान हलवली आणि शनिवारचा तास जगासाठी ठेवला. भिंतीवर नकाशा लावला. पेपरमधली बातमी वाचायची, ती जिथली असेल तिथं बोट ठेवायचं आणि मग मनसोक्त वाद घालायचा. कधी युद्ध, कधी देश सोडून पळालेली माणसं, कधी मोबाइलवर फिरणारी खोटी बातमी. धुळ्याला माझ्या माहेरी पेपर वडील वाचायचे, मग काका, मग भाऊ. माझ्या हातात यायचा तोवर त्यावर गरम भजी काढलेली असायची. "तुला काय करायचंय जगाचं?" हे वाक्य मी पुष्कळ ऐकलं होतं. माझ्या वर्गात ते कुणी कुणाला ऐकवू नये, एवढं मी ठरवलं होतं.

वर्गात एक अक्का होत्या. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या, अहिराणी बोलणाऱ्या. बांधकामावर घमेली वाहायच्या. लेक कॉलेजात गेली तेव्हा यांनी दहावीचा फॉर्म भरला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी विषय निघाला उन्हाचा. जळगावात तो वेगळा काढावा लागत नाही. पृथ्वी का तापतेय ते बोलून झालं. मग मी सांगितलं, आखातातल्या काही देशांत उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते.

अक्कांनी विचारलं, "तठे आपलाच मानसे काम करतस ना?"

"हो, पुष्कळ आपल्याकडचेच."

"मंग तठे सावली नि आठे उन्ह, आसं काबर?"

"हे मला विचारून भागायचं नाही," मी म्हटलं.

"मंग कोनले इचारू?"

"ज्याच्या कामावर आहात त्याला विचारा."

सोमवारी दुपारी अक्कांनी घमेलं खाली ठेवलं आणि त्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. त्यांच्यामागून बाकीच्या बायाही बसल्या. ठेकेदार ओरडत आला. अक्का म्हणाल्या, "उन्ह उतरनं का उठसूत, कामले लागसूत. तुमी पन बसा, भाऊ." संध्याकाळी वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा चेहरा असा, की आता कुणी काहीही विचारा.

तो ठेकेदार नेमका आमच्या संस्थेचा वरचा मजला बांधणार होता. नानांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही बायांना भडकवलं."

"नाना, मी भूगोल शिकवला."

"हे परीक्षेत येतं का?"

"ऊनही परीक्षेत येत नाही. लागायचं ते लागतंच."

ते चिडले. "उद्यापासून तो नकाशा भिंतीवर दिसायला नको. नाहीतर हॉलची किल्ली ठेवून जा."

मी नकाशा उतरवला, गुंडाळला आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. जिना उतरताना मला कधी नव्हे इतकं मोकळं वाटलं.

पुढचा तास मेहरूण तलावाच्या काठावर भरला. रिक्षावाल्या भाऊंनी नकाशा रिक्षाच्या मागच्या बाजूला दोरीनं ताणून बांधला. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. एक जण अक्कांना हसून म्हणाला, "म्हातारपनी कलेक्टर व्हनं शे का?"

"व्हनं नई," अक्का म्हणाल्या, "कलेक्टरले इचारनं शे."

तो गेला. आम्ही हसलो आणि व्याकरणाला लागलो.

ठेकेदारानं आधी अक्कांसह सगळ्यांना काढून दुसऱ्या बाया आणल्या. दुपारी त्याही लिंबाखाली बसल्या. शेवटी त्यानं काम पहाटे सुरू करून दुपारी बंद ठेवलं. उन्हात सिमेंट नीट धरत नाही म्हणून, असं तो सगळ्यांना सांगत हिंडला. अक्कांना मात्र त्यानं परत घेतलं नाही. त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत बराच वेळ गेला. नव्या ठिकाणी त्यांनी कामाला हात लावायच्या आधीच दुपारचं विचारून घेतलं.

पुढच्या वर्षी मार्चच्या परीक्षेत अक्का गणितात नापास झाल्या, बाकी सगळ्यात पास. जुलैत गणितही सुटलं. निकालाच्या दिवशी त्यांनी लेकीच्या मैत्रिणींना बोलावून शेवभाजी खाऊ घातली.

मग नानांचा फोन आला. निकाल चांगला लागला म्हणून अभिनंदन केलं. "हॉल रिकामाच आहे मॅडम, या परत. फक्त तो शनिवारचा तास तेवढा नको."

"मग हॉलही नको, नाना," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.