बू वारसितींचे चारशे थांबे

आमच्या योग्यकार्ताच्या ऑफिसात सगळ्यात निवांत कोण, तर बू वारसितींचा संगणक. बू म्हणजे बाई; वयाने मोठ्या बाईंना आम्ही असंच म्हणतो. आम्ही बसची तिकिटं विकणारी वेबसाइट चालवतो आणि ती धड चालते की नाही हे बघणं बूंचं काम. मी तिथला कारकून, पत्रं टाइप करणारा. आठ वर्षं बूंनी ही तपासणी हाताने केली. बटण दाबायचं, पान उघडेपर्यंत बसायचं, पुढचं बटण दाबायचं. मग हुकूम आला की बटणं आता प्रोग्रामने दाबायची. एक्कावन्नाव्या वर्षी बू प्रोग्राम लिहायला शिकल्या. फक्त प्रत्येक बटणाआधी त्यांनी एक ओळ घातली: तीस सेकंद थांब. बटण एका सेकंदात आलं तरी तीस सेकंद.

"अहो बू, एवढा वेळ कशाला?" मी एकदा विचारलं.

"येऊ दे की त्याला सावकाश. त्याला काय बस पकडायचीय?"

असे चारशे थांबे. चाचणी साडेतीन तास चालायची. तेवढ्यात बूंचा डबा खाऊन व्हायचा आणि सगळ्यांच्या सासूची चौकशीही.

मग मास दामार साहेब होऊन आले; तरुण पुरुषाला आमच्याकडे मानाने 'मास' म्हणतात. वय अठ्ठावीस, जन्म इथलाच, पण सहा वर्षं जकार्तात काढल्यामुळे तिथलं वारं लागलेलं. जिना उतरतानासुद्धा फोनवर बोलायचे. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत चाचणी वीस मिनिटांत बसवा. नाहीतर हे काम जकार्ताच्या एका कंपनीला देऊ." बूंचं मग काय, हे ते बोलले नाहीत आणि बूंनी विचारलं नाही. बूंचा नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी साहेबांनी स्वतःच सगळे थांबे उडवले आणि प्रोग्रामला सांगितलं, बटण दिसलं की दाब. चाचणी सहा मिनिटांत आटोपली आणि निम्मी नापास. पुन्हा चालवली, तर वेगळीच निम्मी नापास.

"वेबसाइटच बिघडलीय," साहेब म्हणाले.

"वेबसाइट धडधाकट आहे, मास. तुमचा पाहुणा अधाशी आहे."

"म्हणजे?"

"कुणाच्या घरी गेलात, चहा पुढ्यात ठेवला. लगेच उचलता?"

"छे. यजमान 'मंग्गो, घ्या' म्हणेपर्यंत कोण हात लावतो? आई फोडून काढेल."

"मग इथं का घाई? हे बघा, बटण आलंय, पण फिकट आहे. आत रिकाम्या जागांची यादी अजून यायचीय. ती आली की बटण गडद होतं. ते मंग्गो म्हणतं. वाट त्याची बघायची, नुसतं दिसण्याची नाही."

"आणि म्हणालंच नाही तर?"

"तीस सेकंद बसायचं. मग उठायचं आणि यजमानाचं नाव नापासांत लिहून ठेवायचं."

साहेब हसले. बूंनी चार दिवस मान वर न करता चारशे थांबे बदलले. शुक्रवारी चाचणी चौदा मिनिटांत झाली, एकही नापास नाही. साहेबांनी सगळ्यांसाठी गुदेग, आमच्याकडची फणसाची गोडसर भाजी, मागवला आणि फणसाचे सगळ्यात मऊ तुकडे बूंच्या पानात वाढले.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला दोन पत्रं टाइप करायला सांगितली. एकात बू सगळ्या चाचण्यांच्या प्रमुख, दुसऱ्यात बू स्वेच्छेने निवृत्त. "त्यांनाच विचारतो," साहेब म्हणाले, आणि ते खरंच विचारणार होते. बूंना बोलावलं, तेव्हा दोन्ही पत्रं फाइलमध्ये घालून मी साहेबांच्या खोलीत उभा राहिलो.

"बू, इतकी वर्षं खपलात. दमला असाल. आता विश्रांती घ्यावीशी वाटते का?"

"हो मास, वाटते की," बू हसून म्हणाल्या.

आमच्याकडे साहेबाला दिलेलं पहिलं 'हो' हे नुसतं रीतीचं असतं. विचारणाऱ्याने 'खरंच का?' म्हणायचं, समोरच्याने जरा आढेवेढे घ्यायचे, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर मनातलं बाहेर येतं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. साहेबांनी पहिलं हो ऐकलं आणि माझ्यापुढे हात केला. मी त्यांना निवृत्तीचं पत्र दिलं.

बू पेन घेऊन थांबल्या. साहेबांकडे बघत राहिल्या, ते पुन्हा विचारतील म्हणून. साहेबांचा फोन वाजला आणि ते खिडकीकडे वळले. मग बूंनी माझ्याकडे बघितलं. मोठ्यांच्या बोलण्यात कारकुनाने तोंड घालायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. याची मला अजून लाज वाटते.

बूंनी सही केली. दुसरं पत्र माझ्या काखेतल्या फाइलमध्ये होतं.